आधी उभे राहायला शिकवा

'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही' असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोणतेही काम प्रत्यक्ष केल्याखेरीज येत नाही, हा या म्हणीचा अर्थ खरा आहे आणि तो कोणी नाकारणार नाही. परंतु तिचाच आधार घेऊन, पाण्याला भिणाऱ्या माणसाला मागून ढकलून देणे हीच शिकवण्याची रीत आहे, असे मानणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. लहान मुलांच्या बाबतीत ही रीत कधीकधी खपून जाते. मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र ती बहुधा फसते. म्हणूनच प्रौढांना पोहायला शिकवणारा चांगला शिक्षक कोणाला म्हणावे, या प्रश्नाचा स्वतंत्रपणे विचार करायला हवा. माझे उत्तर थोडक्यात असे आहे : जो शिष्याला हातपाय मारायला शिकवण्यापूर्वी पाण्यात पुन्हा पायांवर उभे राहायला शिकवतो, तो चांगला शिक्षक. हे उत्तर मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, छातीइतक्या पाण्यात उभा असताना मिळाले.

मी बंगळूरच्या चिकपेटचा रहिवासी. कानडीत 'चिक्क' म्हणजे लहान आणि 'पेटे' म्हणजे बाजारपेठ. केंपेगौडांनी सोळाव्या शतकात वसवलेल्या जुन्या नगराचा हा भाग आजही रेशमी साड्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. १६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजांकडे आले आणि या नगराशी मराठी माणसांचे नाते जडले. कापड, रंगकाम आणि शिवणकाम करणारी मराठी घरे येथील पेठांत पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. आमच्या घरात मराठी बोलली जाते, गिऱ्हाइकांशी कानडी. माझा व्यवसाय शिंप्याचा. दिवसाचे दहा तास शिलाईयंत्रावर वाकून बसण्यात आयुष्याची पंचवीस वर्षे गेली.

या पेठांत पाण्याशी संबंध येतो तो नळापुरता. एके काळी नगराभोवती मोठमोठे तलाव होते. धर्मांबुधी तलाव होता तेथे आज केंपेगौडा बसस्थानक आहे आणि संपंगी तलावाच्या जागी कंठीरवा क्रीडांगण उभे आहे. तलाव गेले, विहिरी बुजल्या आणि पोहणे न येणाऱ्या माणसांच्या पिढ्या तयार झाल्या. आमच्या गल्लीत पोहता येणारी मोठी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. यात कोणाला काही कमीपणाही वाटत नसे. 'आपल्याला पाण्याशी काय करायचे आहे?' असे म्हणून विषय संपत असे.

परंतु पाण्याशी आपला संबंध नाही, हा भ्रम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात बुडून मरण पावलेल्यांची संख्या अडतीस हजारांच्या वर होती. या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून पाळण्यास सुरुवात केली. शहरातील माणूस रोज पाण्यात उतरत नाही हे खरे. पण सुटीच्या दिवशी तो कावेरीच्या काठी जातो, गावच्या जत्रेला जातो, तीर्थावर स्नान करतो. नदीचे पाणी वरून शांत दिसते. खालचा खडक, डोह आणि ओढ काठावरून दिसत नाही. अशा वेळी पोहणे ही चैन राहत नाही, ती जीव वाचवणारी विद्या ठरते.

माझ्या बाबतीत पाण्याची ओळख भीतीनेच झाली होती. मी नऊ वर्षांचा असताना आजोळी एका मोठ्या मुलाने मला विहिरीत ढकलले. मामांनी उडी मारून बाहेर काढले. सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर मात्र पस्तीस वर्षे गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नाही. पुढे मान आणि कंबर फार दुखू लागली, तेव्हा डॉक्टरांनी पोहण्याचा सल्ला दिला. मी धीर करून एका तलावावर नाव घातले. तेथील शिक्षकाने पहिल्याच दिवशी शिट्टी वाजवली आणि उडी मारण्यास सांगितले. माझे पाय हलेनात. तेव्हा तो सर्वांसमोर म्हणाला, "पाच वर्षांची पोरे उड्या मारतात आणि तुम्ही एवढे मोठे होऊन घाबरता?" चार दिवस मी गेलो. पाचव्या दिवशी पिशवी भरली आणि दुकानात जाऊन बसलो. घरी सांगितले, "वेळ जमत नाही."

प्रौढ शिकणाऱ्याचे हे 'वेळ जमत नाही' प्रत्येक शिक्षकाने नीट ऐकले पाहिजे. त्यामागे बहुतेक वेळा वेळेचा प्रश्न नसतो, अपमान असतो. लहान मूल चुकते तेव्हा त्याचे काही बिघडत नाही, कारण न येणे हाच त्याच्या वयाचा धर्म आहे. मोठ्या माणसाला घरात आणि व्यवसायात काही मान असतो. दहा माणसे त्याचा सल्ला घेतात. तोच माणूस अपुऱ्या कपड्यांत, ओलाचिंब, थरथरत कठड्याला धरून उभा राहतो, तेव्हा त्याने आपला मान काठावर ठेवलेला असतो. तो मान सांभाळणे हे शिक्षकाचे पहिले काम आहे.

दोन वर्षांनी एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी दुसऱ्या तलावावर गेलो. तेथील शिक्षक पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला पाण्यात उतरवले नाही. आधी काठावर शेजारी बसवून घेतले. माझा व्यवसाय विचारला. रक्तदाब, हृदयविकार, फेफरे, कानाचे दुखणे यांपैकी काही आहे का, ते विचारले. मग म्हणाले, "पाण्याने तुम्हाला कधी त्रास दिला आहे का?" पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी विहिरीची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. "मग भीती वाटणारच," एवढेच ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही छातीइतक्या पाण्यात उतरलो आणि तासभर एकच गोष्ट केली. कठड्याला धरून अंग पाण्यावर आडवे करायचे, मग गुडघे पोटाशी घ्यायचे, हात खाली दाबायचे, पाय तळाला टेकवायचे आणि सर्वांत शेवटी डोके वर काढायचे. आडवे व्हायचे आणि उभे राहायचे. दहा वेळा, वीस वेळा, पुन्हा पुन्हा. मी घाई केली की ते कानडीत म्हणत, "निधान, अण्णा", म्हणजे सावकाश. तासाच्या शेवटी ते म्हणाले, "आता बाहेर यायची वाट तुम्हाला ठाऊक झाली. आत जायला हरकत नाही."

या एका वाक्यात प्रौढांच्या शिक्षणाचे मर्म आहे, असे मला वाटते. मोठा माणूस भितो तो अज्ञानामुळे नव्हे. पाण्यात माणूस मरतो हे त्याला ठाऊक असते आणि हे ज्ञान खरे असते. अशी भीती दटावून जात नाही किंवा 'काही होत नाही' असे म्हटल्यानेही जात नाही. आपण अडचणीत आलो तर स्वतःच्या बळावर उभे राहू शकतो, हे शरीराला पटले म्हणजे ती आपोआप मागे सरते. चांगला शिक्षक भीतीशी भांडत बसत नाही. तो शिष्याच्या हाती परतीचा उपाय देतो.

चांगल्या शिक्षकाचा दुसरा गुण म्हणजे तो कारण सांगतो. मूल अनुकरणाने शिकते. प्रौढ माणसाला 'असेच का?' हे कळले की त्याचे मन सहकार्य करू लागते. नवशिका पाण्यात श्वास रोखून धरतो आणि क्षणात गुदमरतो. आमच्या शिक्षकांनी त्याचे कारण समजावून सांगितले. गुदमरल्याची भावना मुख्यतः प्राणवायू संपल्यामुळे होत नाही, तर आत साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. म्हणून तोंड पाण्यात असताना श्वास नाकातोंडाने हळूहळू सोडत राहावा आणि वर येताच नवा घ्यावा. "उसिरु बिडि," म्हणजे श्वास सोडा, हे शब्द मी त्या महिन्यात शेकडो वेळा ऐकले. तसेच डोक्याचे. आपले डोके साधारण चार-पाच किलो वजनाचे असते. पाण्याबाहेर उचललेल्या डोक्याला पाण्याचा आधार मिळत नाही, त्याचा भार शरीरावर येतो आणि पाय खाली जातात. तराजूचे एक पारडे वर गेले की दुसरे खाली जाणार, हे दुकानदाराला वेगळे सांगावे लागत नाही. हे कळल्यावर मान सैल सोडणे मला जमू लागले. 'डोके खाली' अशा नुसत्या ओरडण्याने ते कधीच जमले नसते.

तिसरा गुण असा की, त्याला प्रौढ शरीराची जाण असते. चाळिशीनंतर खांदे आखडलेले असतात आणि पायांचे घोटे ताठ झालेले असतात. वर्षानुवर्षे वाकून काम करणाऱ्याची पाठ सरळ होत नाही. अशा माणसाकडून दहा वर्षांच्या मुलासारखा हात फिरवून घेण्याचा हट्ट धरणारा शिक्षक त्याला इजा करतो. सुजाण शिक्षक त्याच्या शरीरातून जेवढे सहज निघते तेथून सुरुवात करतो. आधी तरंगणे, मग उताणे होऊन विसावणे, मग सावकाश पुढे सरकणे; फ्रीस्टाइलची घाई तो करत नाही. अंगाला हात लावण्यापूर्वी तो विचारतो. विशेषतः स्त्रियांच्या वर्गात हे फार महत्त्वाचे आहे. आमच्या गल्लीतील एका वहिनींना पोहायला शिकण्याची फार इच्छा होती. स्त्रियांसाठी राखीव वेळ आणि शिकवायला स्त्री मिळाली, तेव्हाच त्या पाण्यात उतरू शकल्या. अंगभर पोहण्याचा पोशाख घालण्यास हरकत नाही, हे आधीच सांगितले असते तर त्या पाच वर्षे अगोदर आल्या असत्या. भाषेचेही असेच आहे. पाण्यात घाबरलेल्या माणसाला परक्या भाषेतील सूचना कळत नाही. आमचे शिक्षक तमिळ, हिंदी आणि थोडी मराठीही बोलत. 'सोडा', 'उभे राहा', 'थांबा' हे तीन शब्द त्यांनी प्रत्येकाच्या मातृभाषेत पाठ केले होते.

चौथा गुण सावधपणाचा. बुडणारा माणूस चित्रपटात हात हलवून ओरडतो. प्रत्यक्षात तो बहुधा गुपचूप खाली जातो, कारण श्वासच घेता येत नसताना तो हाक कशी मारणार? म्हणून चांगल्या शिक्षकाची नजर पाण्यावरून हलत नाही. तो शिष्यांची डोकी मोजतो आणि शिकवताना भ्रमणध्वनीला हात लावत नाही. बुडालेल्याचे पोट दाबणे किंवा त्याला उलटे टांगणे चुकीचे असून, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब द्यावा लागतो, याचे प्रशिक्षण त्याने घेतलेले असते. शिष्यांनाही तो सांगतो, "तुम्हाला आता तलावात पोहता येते. याचा अर्थ नदीत पोहता येते असा नाही." शिष्याच्या मनात खोटा आत्मविश्वास निर्माण करणारा शिक्षक भित्रेपणा वाढवणाऱ्यापेक्षाही अधिक घातक असतो.

आमच्या शिक्षकांनी एक संपूर्ण दिवस, दुसऱ्याला कसे वाचवावे आणि विशेष म्हणजे कसे वाचवू नये, यासाठी दिला. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणारा नवशिका स्वतःही बुडतो, अशा घटना आपण नेहमी वाचतो. काठावरून काठी, दोर किंवा रिकामा डबा द्यावा, असे त्यांनी सांगितले. मग आमच्याकडे पाहून ते म्हणाले, "तुम्ही चिकपेटची माणसे. साडी किती लांब असते?" साडेपाच मीटर, हे आमच्यातल्या कोणालाही मोजावे लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी एकाने जुनी सुती साडी आणली आणि आम्ही काठावर पालथे पडून ती फेकण्याचा व ओढण्याचा सराव केला. ही कल्पना पोकळ नाही. २०२० च्या ऑगस्ट महिन्यात तमिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै येथील धरणात चार तरुण बुडू लागले, तेव्हा तेथे असलेल्या तीन स्त्रियांनी आपल्या अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि त्यांतील दोघांचे प्राण वाचवले.

यावर काही लोक आक्षेप घेतील. ते म्हणतील, आमच्या वडिलांनी आम्हाला विहिरीतच ढकलले आणि आम्ही शिकलो. एवढे लाड कशाला? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. विहिरीने आपल्या कित्येक पिढ्यांना पोहणे शिकवले. पण ती जुनी रीत नीट आठवून पाहा. मुलाच्या पाठीला सुके भोपळे, पांगाऱ्याचे लाकूड किंवा रिकामा डबा बांधलेला असे, कमरेला दोर असे, दोराचे टोक जाणत्या माणसाच्या हातात असे आणि पाण्यात आधीच चारजण पोहत असत. म्हणजे तेथेही आधी सुरक्षितता होती, मग पाणी होते. नुसते ढकलणे हा त्या रीतीचा गाभा नव्हता, तो तिचा विपर्यास होता. शिवाय ढकलल्यामुळे जे शिकले ते आज अभिमानाने सांगतात. जे कायमचे भ्याले ते माझ्यासारखे गप्प बसतात. त्यांची मोजदाद कोणी केली आहे? आणि सौम्यपणा म्हणजे ढिलाई, असेही समजू नये. आमचे शिक्षक सौम्य होते, परंतु श्वासाचा अभ्यास चुकवून पुढे जाण्याची परवानगी त्यांनी कोणालाही दिली नाही.

दुसरा एक गैरसमज असा की, उत्तम पोहणारा तोच उत्तम शिक्षक. बंगळूर हे जलतरणाचे मोठे केंद्र आहे. येथील निहार अमीन यांना २०१५ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. स्पर्धकाच्या वेळेतून सेकंदाचा शंभरावा भाग कमी करणे ही मोठी विद्या आहे, याविषयी शंका नाही. मात्र भ्यालेल्या माणसाचा पाय तळापासून सुटू देणे ही वेगळी विद्या आहे. एकाच व्यक्तीकडे दोन्ही असू शकतात, पण एक आहे म्हणून दुसरी असेलच असे नाही. सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे पोहलेल्या निशा मिलेट यांचे उदाहरण येथे आठवते. पाच वर्षांच्या असताना त्या बुडता बुडता वाचल्या होत्या. त्यांची भीती जावी म्हणून वडिलांनी पुढे त्यांना पोहायला शिकवले. त्यांनी नंतर बंगळुरात पोहण्याचे वर्ग चालवले. ज्याने भीती स्वतः अनुभवली आहे, त्याला दुसऱ्याची भीती लहान वाटत नाही. शिक्षक निवडताना त्याची पदके मोजण्याआधी, तो घाबरलेल्या शिष्याशी कसा बोलतो, ते पाहावे.

पाणी प्रौढ माणसाला काय देऊ शकते, याचे थोर उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातच आहे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि पाय निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्णपदक होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. जमिनीने ज्याचे पाय काढून घेतले, त्याला पाण्याने वेग दिला. आपल्यापैकी प्रत्येकजण पदक मिळवणार नाही. पण 'माझे वय गेले' ही सबब त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

शिकू लागल्यानंतर सातव्या आठवड्यात मी पहिल्यांदा तलावाची रुंदी पार केली. पलीकडच्या कठड्याला हात लागला तेव्हा मागे वळून पाहिले. शिक्षक माझ्याकडे पाहत नव्हते. ते दुसऱ्या एका घाबरलेल्या गृहस्थाला गुडघे पोटाशी घ्यायला शिकवत होते. क्षणभर वाईट वाटले, पण मग समजले की हीच माझी उत्तीर्णतेची खूण आहे. आता माझ्यावर डोळा ठेवण्याची गरज त्यांना पूर्वीइतकी उरली नव्हती. शिष्याला आपली गरज उरू नये म्हणून झटणारा, तोच खरा शिक्षक.

उशिरा शिकायला निघालेल्या प्रत्येकाला, मग तो पाण्यात उतरत असो वा पुन्हा पुस्तक हाती घेत असो, मला एवढेच सांगायचे आहे. आपली भीती लपवू नका. ती शिक्षकाला सांगा. तो हसला, तर दोष तुमचा नाही. दुसरा शिक्षक शोधा. तो शेजारी बसला आणि त्याने आधी उभे राहायला शिकवले, तर निर्धास्तपणे त्याच्या मागे जा. आणि जे शिकवतात त्यांना विनंती अशी की, मोठ्या माणसाला ढकलू नका. तो काठापर्यंत आला, यातच त्याने अर्धे अंतर पार केलेले असते.